'ढिगारा'चं शेवटचं पान

१

ठिपकीचा फोन आला तेव्हा मावशी वर्तमानपत्रातल्या शोकसंदेशांवर तोंडसुख घेत बसली होती. 'अजातशत्रू व्यक्तिमत्त्व हरपले' असं छापलेलं दिसलं की तिला हटकून वाटायचं, याच्या सख्ख्या भावाला विचारलंत का एकदा? विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करण्यात तिची उभी हयात गेली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, चोरीला गेलेले दागिने. माणसं खोटं बोलतात याबद्दल तिची तक्रार नव्हती. इतकं गचाळ खोटं बोलतात, याचा तिला राग यायचा.

"मावशी, ये गं इथं," ठिपकीचा आवाज रडून बसलेला होता. "मला हाकलतायत. मी काही केलं नाही."

"काय केलं नाहीस?"

"शेवटच्या पानावर कुणीतरी शाई ओतलीये. पान माझ्या खणात होतं. शाईही माझीच."

"रडू नकोस. रडणाऱ्या माणसावर लोक आधी संशय घेतात. आलेच."

ठिपकी ही मावशीच्या धाकट्या बहिणीची लेक. चित्रकथांच्या कचेरीत ती शाईकाम करायची. म्हणजे एकानं पेन्सिलीनं चित्र काढायचं आणि हिनं त्यावर निबनं, ब्रशानं काळी रेघ चढवायची, कारण छपाईला काळं लागतं. हातांवर, गालांवर, कधी कानाच्या पाळीवरसुद्धा शाईचे ठिपके, म्हणून ठिपकी. मावशीला हा धंदा मुळातच मान्य नव्हता. घोड्याएवढ्या माणसांनी दिवसभर बसून, विजारीवरून चड्डी घातलेल्या पैलवानांची चित्रं काढायची, आणि वर त्याला कला म्हणायचं! पण पोरगी आपली होती, आणि गुणी होती.

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. तिरकी टेबलं, त्यांच्यावर माना खाली घालून उभे दिवे, आणि भिंतभर महानायकांची मोठमोठी चित्रं. सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या, सगळ्यांचे कपडे एक माप लहान.

"या बाई, या," मालक पुढं झाला. प्रकाशक तोच, संपादक तोच. बोलताना तो दोन्ही हातांनी हवेत मथळे मांडायचा. "तुम्ही विम्यातल्या म्हणे. बघा मग हे नुकसान!"

टेबलावर जाड ड्रॉइंगचा कागद पडला होता. वरपासून खालपर्यंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारखा काळाकुट्ट. शाई वाळून तिला चकाकी आली होती. ब्रशाचे फटकारे कडेला दिसत होते.

"संध्याकाळी छापखान्याची गाडी येणार," मालक म्हणाला. "तोवर दुसरा कुणी सापडला नाही, तर तुमची भाची इथून जाणार. आणि ती का गेली, हे मी या धंद्यातल्या एकूण एक माणसाला सांगणार. पुन्हा हिच्या हातात कुणी निब देणार नाही."

ठिपकी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हनुवटीवर ठिपका होता आणि तो थरथरत होता.

"तिनंच केलं कशावरून?" मावशीनं विचारलं.

"कशावरून काय? काल सगळ्यांदेखत तिनं सांगितलं होतं की ती हे करणार आहे!"

२

ते खरं होतं, हीच तर पंचाईत.

ठिपकीनं नाकारलं नाही. आदल्या दिवशी तिचं आणि उस्तादांचं वाजलं होतं. उस्ताद म्हणजे पेन्सिल धरणारे, या कचेरीचे कुलदैवत. अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव नायकाच्या नावाएवढं मोठं छापायचे. ठिपकीनं एवढंच म्हटलं होतं, की खाली कुठंतरी, लहान अक्षरांत का होईना, माझंही नाव छापा. उस्ताद हसले. ते हसल्यावर सगळे हसले. मग ठिपकीच्या डोक्यात तिडीक गेली आणि ती म्हणाली, "शाई ओतेन तुमच्या त्या पानावर!"

"जिभेला हाड नाही तुझ्या," मावशी म्हणाली. "आईवर गेलीस."

"रागाच्या भरात बोलले गं."

"माहितीये. सगळे रागाच्या भरातच बोलतात. करणारे गप्प असतात."

मग मावशीनं मालकाला समोर बसवलं आणि हा सगळा खेळ आहे तरी काय, ते विचारलं. मालक फुलला. त्याच्या प्रकाशनाच्या पाच महानायकांची पाच वेगवेगळी मासिकं होती. गेल्या वर्षभर त्या पाचही जणांना त्यानं एकाच कथेत एकमेकांवर सोडलं होतं. त्या प्रकरणाचं नाव 'महाटक्कर'. पाचही मासिकं घेतल्याशिवाय कथा कळायची नाही, ही त्यातली मख्खी. शेवटी अख्खं शहर भुईसपाट झालं, झंझावात नावाचा नायक मेला, आणि उरलेले चौघं आकाशात हात हातात घेऊन उभे राहिले.

"आणि खाली माणसं होती त्यांचं काय झालं?" मावशीनं विचारलं.

"अहो, तोच तर पुढचा अंक! 'ढिगारा'. टक्कर झाली, आता राडा कोण निस्तरणार? आजवर असं कुणी केलेलं नाही!"

"राडा निस्तरणं आजवर कुणी केलं नाही?"

"चित्रकथेत हो."

मावशीनं 'महाटक्कर'चा गठ्ठा मागवला आणि चष्मा पुसून वाचायला घेतला. वाचन कसलं, सोसणं ते. पानामागून पान माणसं इमारतींवर आदळत होती. इमारती उत्तम होत्या. धूर झकास होता. एकेक वीट निराळी काढली होती. पण माणसं! नायकांना मुखवटे. सैनिकांना शिरस्त्राणं. पळणारी गर्दी पाठमोरी. जो कुणी तोंड करून उभा, त्याच्या तोंडासमोर नेमका धूर. अधूनमधून, कोपऱ्यातल्या एखाद्या लहानशा चौकटीत, एखादा चेहरा मात्र असा काही भेटायचा की मावशीचं बोट तिथंच थांबायचं. एक म्हातारा होता, बसथांब्यावर एकटा. थांबाच उरला नव्हता, तरी वाट बघत उभा. चेहऱ्यावर वैताग होता, फक्त वैताग. मावशीला तो फार खरा वाटला.

"हे शेवटचं पान पुरं झालेलं कुणी पाहिलं होतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"छे! उस्तादांचं पान शाईकाम करणाऱ्याच्या आधी कुणी बघायचं नाही, इथली रीतच आहे ती. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः कागदी पाकिटात घालून हिच्या खणात ठेवलं. सगळ्यांना त्यांनी आधीपासूनच सांगून ठेवलं होतं, की हे बघून लोक ढसाढसा रडतील. मी मुखपृष्ठावर तसं छापूनही घेतलंय!"

"पान न बघता?"

"उस्तादांचं पान बघावं लागत नाही, बाई."

कचेरीत कामाला माणसं पाचच, आणि किल्ली पाचही जणांकडे होती, म्हणजे तो प्रश्न मिटला. मावशीनं लेखकाला बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला आणि पहिलंच वाक्य असं बोलला की मावशीनं चष्मा काढला.

"खरं सांगू? ते पान नासलं याचा मला आनंदच झालाय."

३

लेखक गळ्याभोवती रुमाल गुंडाळायचा आणि बोलताना डोळे मिटायचा. ही दोन्ही लक्षणं मावशीला ओळखीची होती. आपल्याच गोदामाला आग लागल्यावर कविता म्हणणारा एक व्यापारी तिनं पूर्वी पाहिला होता.

"मी लिहिलंय काय ते ऐका," लेखकानं डोळे मिटले. "शेवटचं पान. पानभर एकच चित्र. संवादाचा एकही फुगा नाही, एक शब्द नाही. एकही महानायक नाही! फक्त माणसं. ढिगाऱ्यातून आपापलं सामान शोधणारी. आणि सगळ्यात पुढं एक बाई. तिला आपल्या घराचं दार सापडलंय. नुसतं दार. प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे, असं मी अधोरेखित करून दिलंय."

"चांगलं आहे," मावशी नाइलाजानं म्हणाली. "मग आनंद कसला झाला?"

"कारण मालकाला झंझावात परत हवा होता! मेलेला नायक विकला जात नाही म्हणे. शेवटच्या पानावर ढिगाऱ्यातून त्याची मूठ बाहेर येताना दाखवा म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. पण मालक गुपचूप उस्तादांच्या कानाला लागला असणार. ती मूठ काढण्यापेक्षा पान काळं झालेलं बरं!"

"मग तुम्हीच केलंत?"

लेखकानं डोळे उघडले. "मी? मी शब्दांचा माणूस आहे हो. बाटलीचं झाकणसुद्धा मला धड उघडत नाही."

हे मात्र मावशीला पटलं. त्याच्या रुमालाची गाठसुद्धा दुसऱ्या कुणीतरी बांधलेली दिसत होती.

मालक म्हणाला, हो, मूठ मागितली होती. उस्तादांनी ऐकलं नाही. "लेखकानं लिहिलंय तेच काढीन म्हणाले. मोठा माणूस."

राहिला अक्षरवाला. फुग्यांमधले शब्द हातानं लिहिण्याचं काम त्याचं. वाळका, तिरसट, कुणाशी पटत नसलेला माणूस. सकाळी कचेरी त्यानंच उघडली होती आणि खणातून ठिबकून वाळलेली शाई त्यालाच पहिल्यांदा दिसली होती.

"या पानावर तुम्हाला काही लिहायचं नव्हतं ना?"

"एक अक्षर नाही. बरं झालं. उस्तादांच्या कागदावर लिहायचं म्हणजे शिक्षा असते. ते पेन्सिल धरत नाहीत, नांगर धरतात. इतके दाबून काढतात की कागदाला चर पडतात. माझं पेन त्या चरांत अडकतं आणि 'क' लिहावा तर त्याला भलतीच शेपटी फुटते."

"कालचं भांडण ऐकलंत?"

"ऐकलं की. शाई ओतेन म्हणाली."

"त्याच्या आधी काय म्हणाली?"

अक्षरवाला डोकं खाजवत राहिला. बाकी कुणाला हा प्रश्नच सुचला नव्हता. धमकी सगळ्यांच्या लक्षात राहते, तिच्या आधीचं वाक्य कुणी जपून ठेवत नाही.

"चेहऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा, असं काहीतरी. मला काही कळलं नाही. पण उस्तादांचा रंग उडाला होता एवढं खरं. शाईच्या धमकीला ते हसले. त्या वाक्याला नाही हसले."

मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "बोलवा तुमच्या उस्तादांना."

४

उस्ताद आले ते अंत्ययात्रेला आल्यासारखे. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि मागं मालक त्यांची खुर्ची घेऊन.

"बाई, माझं अपत्य गेलंय," ते म्हणाले.

"वाईट झालं. दिसायला कसं होतं?"

"म्हणजे?"

"पान हो. मला वर्णन करून सांगा. नुकसान कितीचं ते ठरवायचं तर आधी होतं काय ते कळायला नको?"

उस्तादांनी हात पसरले. "मागं कोसळलेले मनोरे. एकातून एक घुसलेले. वाकलेल्या सळ्या, अशा, बोटांसारख्या. पाण्याची फुटलेली टाकी, तिच्यातून गळणारी शेवटची धार. आणि धूळ! अशी धूळ की बघणारा खोकेल!"

"वा. आणि माणसं?"

"आहेत की. पुष्कळ आहेत."

"काय करतायत?"

"शोधतायत."

"चेहरे कसे आहेत?"

"दुःखी," उस्ताद म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

"सगळ्यात पुढं जी बाई आहे, तिचं काय?"

"कुठली बाई?" उस्ताद क्षणभर गडबडले. "हां, ती! ती जरा मागं घेतली मी. धुरात."

"लेखकानं पुढं लिहिली होती ना?"

"लेखकाला काय कळतं चित्रातलं!" उस्ताद उसळले. "आणि तुम्ही मला काय विचारता? त्या पोरीला विचारा! कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्या रेघा गिरवता गिरवता तिला वाटायला लागलं की चित्र तिचंच आहे. मत्सर, बाई, दुसरं काही नाही. मी तिला माफ करतो, पण या कचेरीत ती नको."

"केवढं मोठं मन," मावशी म्हणाली.

उस्ताद गेल्यावर तिनं काळं पान उचललं आणि खिडकीशी नेलं. डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरलं, तांदूळ निवडताना ताट तिरकं करतात तसं, आणि उजेड त्याच्यावरून सरकू दिला. मग पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग 'ढिगारा'चं आधीचं एक पान घेतलं आणि त्याच्याही पाठीवरून बोट फिरवलं.

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. मावशी हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, इतकी की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"काय झालं बाई?" मालक घाबरला.

"काही नाही हो. जुन्या ओळखीचा माणूस भेटला. ठिपके, इकडं ये. जिन्यात चल जरा माझ्याबरोबर."

५

जिन्यात मावशीनं तिला पायरीवर बसवलं.

"आता खरं सांग. लपवलंस तर मी घरी जाईन आणि तुझ्या आईला सांगेन की पोरगी मूर्ख आहे. काल तू त्याला चेहऱ्यांचं काय म्हणालीस?"

ठिपकी नखाखालची शाई कोरत राहिली. "ते बोलायचं नसतं गं, मावशी. शाईवाल्यानं काय दुरुस्त केलं ते कधी बाहेर सांगायचं नाही. आमच्यात तसंच असतं. आपण त्याची रेघ सावरायची आणि गप्प बसायचं."

"तुझी नोकरी चाललीये, नाव मातीत चाललंय, आणि तू त्याची लाज झाकत बसलीयेस?"

"त्यांना चेहरे येत नाहीत," ठिपकी एका दमात म्हणाली. "कधीच आले नाहीत. मनोरे येतात, मुठी येतात, चेहरा आला की नुसतं अंडं काढून ठेवतात. गोल लांबट अंडं. त्यात नाक, डोळे, रडणं, हसणं, सगळं मी घालते. थेट शाईनं. ते धुरात लपवतात तेवढे लपवतात, उरलेले माझ्याकडे येतात. काल मी नाव मागितलं तेव्हा हसले, म्हणून मी म्हटलं, या वेळी मी फक्त तुमच्या रेघांवर शाई चढवीन. अंडं असेल तिथं अंडंच राहील. चेहऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा."

"आणि हे पान तर नुसतं चेहऱ्यांचंच."

"हो."

"तो बसथांब्यावरचा म्हातारा तुझा?"

ठिपकीनं मान हलवली. मावशीला त्या क्षणी भाचीचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त संताप आला. एवढं हातात असलेली पोर, आणि एका दाढीवाल्याच्या नावाखाली अंडी भरत बसली होती!

"ऊठ. तोंड धू. आणि आता मी बोलेन तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस."

६

मावशीनं सगळ्यांना त्या काळ्या पानाभोवती उभं केलं.

"माझ्या नोकरीत मी दोन प्रकारच्या आगी पाहिल्या," ती म्हणाली. "एक, कुणीतरी सूड म्हणून लावलेली. तो माणूस काडी टाकतो आणि पळतो. अर्धं गोदाम जळतं, अर्धं उरतं. दुसरी आग मालकच लावतो, गोदाम रिकामं असतं तेव्हा. माल नव्हताच हे कुणाला कळू नये म्हणून तो कोपरा न् कोपरा जाळतो. फार निगुतीनं जाळतो. आता हे पान बघा. रागावलेली पोरगी बाटली उपडी करील. मध्ये डबकं होईल, कडा पांढऱ्या राहतील. इथं कुणीतरी ब्रश घेऊन चारही कोपरे भरलेत."

"म्हणजे?" लेखकानं विचारलं.

"म्हणजे गोदाम रिकामं होतं."

कुणालाच काही कळलं नाही. मावशीला मूर्खांची सवय होती. तिनं आधीचं पान उलटं करून अक्षरवाल्याच्या हाती दिलं. "बोट फिरवा."

"चर लागतायत. पाठीवर उमटलेत. नांगरच तो."

"आता या काळ्या पानावरून फिरवा. शाई रंग झाकते, खड्डे बुजवत नाही. खिडकीशी तिरकं धरून बघा हवं तर."

अक्षरवाल्यानं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग खिडकीशी जाऊन आला. "गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "याच्यावर कुणी काही काढलेलंच नाही."

मालकाचे हात हवेत कुठलातरी मथळा शोधत राहिले.

"त्या पानावर मी हलका हात ठेवला होता!" उस्ताद गरजले. "शोकाचं पान होतं ते! शोक कुणी दाबून काढतं का?"

"असेल बाबा," मावशी म्हणाली. "मला चित्रातलं काय कळतंय? मनोरे, सळ्या, फुटलेली टाकी हेसुद्धा फुंकर घालून काढलं असेल. मग एक करा. हा कागद घ्या. लेखक इथं समोर बसतील. त्यांचा चेहरा काढा. हलक्या हातानं काढा, जड हातानं काढा, तुमची मर्जी. एक चेहरा. मी इथून निघून जाते आणि भाचीलाही घेऊन जाते."

"मी काय जत्रेतला चित्रकार आहे?"

"काढा ना उस्ताद," मालक काकुळतीला आला होता. "एका मिनिटाचं तर काम."

उस्तादांनी पेन्सिल घेतली. लेखकानं लगेच डोळे मिटून चेहरा वर केला. उस्तादांनी रुमाल काढला, त्याची एकूण एक चुणी काढली. खुर्ची काढली, लाकडाच्या रेषांसकट. खांद्यामागं भिंत काढली, तिला तडा पाडला, तड्यातून थोडा धूर सोडला. पेन्सिल कागदावर करकरत होती, चर पाडत होती. सगळं काढून झालं आणि मानेच्या वर एक गोल लांबट अंडं उरलं. पेन्सिल त्या अंड्याभोवती फिरत राहिली, पुन्हा पुन्हा, रेघ जाड होत गेली, पण आत काही जाईना. उस्तादांच्या कपाळावर घाम फुटला.

"उजेड बरोबर नाही इथं," ते म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मावशी म्हणाली.

खोलीत कुणी हसलं नाही. लेखकानं डोळे उघडून आपलं अंडं पाहिलं आणि रुमाल घट्ट केला.

"तिनं ऐन वेळी हात वर केले!" उस्ताद एकदम फुटले. "मी काय करायला हवं होतं? अंड्यांनी भरलेलं पान द्यायला हवं होतं? अख्ख्या जन्माची पुण्याई एका पानावर घालवू? माझं नाव गेलं असतं!"

"आणि तिचं गेलं असतं त्याचं काय?"

उस्तादांनी ठिपकीकडे पाहिलं, खरोखरच न कळल्यासारखं. "तिचं नाव होतंच कुठं?" ते म्हणाले.

मावशीनं आयुष्यात पुष्कळ लबाड पाहिले होते. त्यातल्या निम्म्यांची तिला कीवसुद्धा आली होती. या माणसाची तिला कीव आली नाही. तिला त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त मालकाची, कारण मालक आता ठिपकीकडे बघून हसायला लागला होता.

७

"झालं गेलं विसरून जाऊ," मालक म्हणाला. त्यानं ठिपकीचं टेबल स्वतःच्या बाहीनं पुसलं. "तुझी नोकरी शाबूत. शंका घेतली, चुकलो. आता गाडी यायच्या आत तू पान काढ. सगळे चेहरे तूच करतेस ना? मग तुला काय अवघड आहे! आणि पुढच्या अंकापासून तुझं नाव मुखपृष्ठावर. ठळक. उस्तादांच्या शेजारी. बोल!"

जे मागितलं म्हणून काल सगळे हसले होते, ते आज ताटात वाढून समोर आलं होतं. ठिपकीच्या गालांवर रंग चढला. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. हा जबाब पोरीचा पोरीनंच द्यायचा होता.

"आणि या पानावर?" ठिपकीनं विचारलं.

"याच्यावर उस्तादांचंच ना. मुखपृष्ठ छापून झालंय, 'उस्तादांचं अजरामर शेवटचं पान' म्हणून. ते आता कसं बदलणार? आणि आजची गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही. एवढंच."

"पान मी काढते," ठिपकी म्हणाली. "सही माझी."

"अगं, पुढच्या अंकात..."

"याच पानावर."

"ते शक्य नाही."

ठिपकीनं आपल्या निबा पुसल्या आणि एकेक करून डबीत ठेवल्या. ब्रश धुतले. "मग पुढच्या अंकावरचं माझं नावही राहू द्या. मला इथं राहायचंच नाही."

"म्हणजे तू चाललीस? आणि शेवटचं पान? गाडी येईल आता! मी काय छापू?"

"एवढं काय घाबरता?" मावशी पर्स उचलत म्हणाली. "उस्तादांनी स्वतःच्या हातानं केलेलं एक पान आहे की तुमच्यापाशी. तेच छापा."

ती खवचटपणे बोलली होती. पण दारातून मागं वळून पाहिलं तेव्हा मालक काळं पान दोन्ही हातांत धरून लांबून न्याहाळत होता, आणि लेखकानं डोळे मिटले होते.

त्यांनी खरोखरच ते छापलं. 'ढिगारा'चं शेवटचं पान संपूर्ण काळं निघालं आणि लोकांनी माना डोलावल्या. वर्तमानपत्रात एका समीक्षकानं लिहिलं, की दुःख चित्रापलीकडचं असतं हे सांगायला उस्तादांसारखाच धीट हात लागतो. उस्तादांचा सत्कार झाला. त्यांनी भाषणात डोळे पुसले.

मावशीनं हे सगळं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ठिपकीला वाचून दाखवलं, योग्य त्या जागी थांबत, योग्य त्या जागी ओठ मुडपत. "धीट हात! मेल्यानं माणसाचं नाक काढलं नाही जन्मात!" ठिपकी हसली. पोट धरून हसली, टेबलावर डोकं ठेवून हसली, आणि मग मावशीच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"माझं असतं गं ते पान," ठिपकी हुंदके देत म्हणाली. "मला दिसत होतं. एकूण एक माणूस दिसत होता. मी काढलं असतं तर लोक खरंच रडले असते."

मावशीला सांत्वन करता येत नसे. तिनं समोरचे कप उचलले, टेबल कोरडं पुसलं आणि ठिपकीची डबी तिच्यापुढं सरकवली.

"मग काढ की."

"आता कुणासाठी?"

"मी मेलेय का? मला बघायचंय."

ठिपकीनं नाक ओढलं आणि कागद घेतला. तिनं पेन्सिल घेतलीच नाही, थेट निब शाईत बुडवली. दुपार कलली, चहा दोनदा झाला, मावशीची वामकुक्षीची एक डुलकीही झाली. उठून तिनं पाहिलं तर कागदावर माणसंच माणसं होती. वाकलेली, उकिडवी बसलेली, एकमेकांवर खेकसणारी. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. मावशीनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. काच पुसूनही धूसरच दिसतंय म्हणताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"झालं कसं? सही कोण करणार?"

ठिपकीनं निब पुन्हा बुडवली, आणि कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.